रानपिंगळ्याचे दप्तर

१८७२ सालच्या डिसेंबर महिन्यात, रायपूरहून संबळपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बसना गावाच्या परिसरात एफ. आर. ब्लूइट नामक एका साहेबाने एक आखूड बांध्याचे, मोठ्या डोक्याचे लहानसे घुबड बंदुकीने टिपले आणि त्याचे कातडे अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्याकडे रवाना केले. ह्यूमसाहेब त्या काळी हिंदुस्थान सरकारच्या महसूल, शेतकी व व्यापार खात्याचे सचिव होते. १८८५ साली मुंबईच्या गोकुळदास तेजपाल पाठशाळेत ज्या राष्ट्रसभेचे पहिले अधिवेशन भरले तिचे एक जनक म्हणून आपण त्यांना ओळखतो, परंतु त्यांचे अर्धे आयुष्य या देशातील पाखरांची मोजदाद करण्यात गेले, हे आपल्याकडे फारसे कोणी ध्यानात ठेवलेले नाही. ‘स्ट्रे फेदर्स’ नावाच्या स्वतःच्या नियतकालिकात १८७३ साली त्यांनी या पक्ष्याचे वर्णन छापले व त्याला ब्लूइटचे नाव दिले. मराठीत आज आपण ज्याला रानपिंगळा म्हणतो, त्याची शास्त्रात पहिली नोंद झाली ती ही.

दुर्मिळ पक्ष्याच्या मागे धावण्याचा छंद आज दुर्बीण आणि कॅमेरा यांच्या आधारे चालतो. त्या काळी तो बंदूक, सोमलाचा साबण आणि कापूस यांच्यावर चालत असे. कलेक्टर, असिस्टंट कलेक्टर, सर्व्हे खात्यातले किंवा जंगलखात्यातले अंमलदार हिवाळी दौऱ्यावर निघत, आंबराईत तंबू ठोकीत, सकाळी जमाबंदीच्या तक्रारी ऐकत आणि फुरसत मिळाली की खांद्याला बंदूक लावून रानात शिरत. पाखरू पडले म्हणजे त्याचे कातडे अलगद सोडवायचे, कीड लागू नये म्हणून आतून सोमल चोळायचा, पोकळीत कापूस भरून पोट शिवायचे आणि अखेरीस पायाला एक चिठ्ठी बांधायची, असा शिरस्ता होता. या चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, नर की मादी आणि मारणाऱ्याचे नाव एवढाच मजकूर असे. पण तेवढ्या मजकुरावरच त्या कातड्याची सारी किंमत अवलंबून असे. ठिकाणाची चिठ्ठी नसलेले दुर्मिळ पाखरू हे सनदेवाचून बाळगलेल्या इनामासारखे असते. ते डोळ्यांना दिसते, पण त्यावर कोणताही हक्क शाबीत करता येत नाही.

या छंदात पदरी पडणारी निराशा किती परींची असते याचा अनुभव ह्यूमसाहेबांइतका दुसऱ्या कोणाला आला नसेल. सिमल्याच्या रॉथनी कॅसल या आपल्या बंगल्यात त्यांनी ८० हजारांहून अधिक कातडी व अंडी जमविली होती आणि हिंदी पक्ष्यांवरच्या महाग्रंथासाठी पंचवीस वर्षांची टिपणे लिहून ठेवली होती. एका हिवाळ्यानंतर ते बंगल्यावर परतले तेव्हा नोकराने त्यातला बराचसा कागद बाजारात रद्दी म्हणून विकून टाकल्याचे त्यांना कळले. त्यानंतर त्यांचे मन या विषयातून उडाले आणि १८८५ मध्ये सारा संग्रह त्यांनी ब्रिटिश म्युझियमच्या हवाली केला. पाखरू हातचे निसटले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करता येतो. टिपणे गेली की आयुष्य गेले.

रानपिंगळ्याची दुसरी नोंद १८७७ साली व्हॅलंटाइन बॉल या भूगर्भशास्त्रज्ञाने ओरिसातील खरियार येथे केली. त्यानंतर या पक्ष्याचा इतिहास आपल्या खानदेशात येतो. मुंबई इलाख्याच्या मुलकी सेवेतले जेम्स डेव्हिडसन हे पश्चिम खानदेशात असताना त्या प्रदेशातील पक्ष्यांची यादी तयार करीत होते. ती १८८२ साली ह्यूम यांच्याच नियतकालिकात छापली गेली. याच वर्षांच्या आगेमागे शहादे आणि तळोदे या तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांना रानपिंगळे मिळाले, आणि त्यांनी प्रत्येकाच्या पायाला ठिकाणाची चिठ्ठी चोखपणे बांधली. १८८४ नंतर मात्र हा पक्षी कोणालाही मिळाला नाही. जगातल्या साऱ्या संग्रहालयांत मिळून त्याची अवघी सात कातडी उरली.

यातल्या सातव्या कातड्याची कथा निराळी आहे. कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागन हे पहिल्या महायुद्धातील एक नामांकित लष्करी अधिकारी आणि पक्षिशास्त्रातले मोठे प्रस्थ. १९३७ साली आपले सालीम अली त्यांच्याबरोबर अफगाणिस्तानच्या स्वारीवर गेले होते. १९५४ मध्ये कर्नलसाहेबांनी आपली सुमारे २० हजार कातडी ब्रिटिश म्युझियमला नजर केली. त्यात एक रानपिंगळा होता, आणि त्याच्या चिठ्ठीवर तापीकाठच्या मांडवीचे नाव व ऑक्टोबर १९१४ ही तारीख होती. म्हणजे १८८४ नंतर तीस वर्षांनी, गुजराथच्या रानात हा पक्षी एका भरवशाच्या माणसाला मिळाला होता, असा त्याचा अर्थ झाला. साहजिकच शोधणाऱ्यांचे पाय मांडवीकडे वळले, आणि तेथून ते रिकाम्या हातांनी परत आले. अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेचे डिलन रिप्ले यांना या पक्ष्याचा ध्यास होता. १९७६ मध्ये त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्याच्यावर स्वतंत्र लेख लिहिला. सालीम अलींच्या आयुष्याच्या अखेरीस, १९८६ साली, ८६ वर्षे बेपत्ता असलेला जर्डनचा धाविक हा दुसरा पक्षी आंध्रातील कडप्पा जिल्ह्यात स्थानिक पारध्यांच्या साहाय्याने सापडला आणि ती वार्ता त्यांना ऐकता आली. रानपिंगळ्याची वार्ता मात्र त्यांच्या हयातीत आली नाही.

मधल्या काळात हौशी मंडळींची जी तारांबळ होई ती समजण्यासाठी साधा पिंगळा डोळ्यांसमोर आणावा. गावाच्या वेशीवरच्या वडाच्या ढोलीत तो जोडीने राहतो, तिन्हीसांजेला चिरचिरतो, आणि त्याच्या डोक्यावर व पाठीवर पांढऱ्या ठिपक्यांची दाट पेरणी असते. रानपिंगळा आकाराने जवळपास तेवढाच. फरक म्हणजे त्याचा माथा जवळजवळ कोरा, शेपटीवर व पंखांवर रुंद काळसर पट्टे, पोट शुभ्र आणि पंजे अंगाच्या मानाने दांडगे. हातात कातडे असताना हा भेद शेंबड्या पोरालाही कळेल. परंतु चाळीस हात उंचीवर, सूर्याकडे पाठ करून बसलेल्या पाखराचा माथा कोरा की ठिपकेदार, हे ठरविताना भल्याभल्यांचा धीर सुटतो, आणि ज्याला रानपिंगळाच पाहायचा आहे त्याचे डोळे ठिपके पाहण्याचे नाकारतात. पुन्हा, घुबड म्हणजे रात्रीचे, हा सर्वसामान्य समजही येथे उपयोगी नव्हता. कारण हा पक्षी भर उन्हात सागाच्या निष्पर्ण फांदीवर बसून सरडे व उंदीर टिपतो.

मांडवीचा गुंता अखेर रानात सुटला नाही. तो सुटला दप्तरखान्यात. रिप्ले यांच्या सहकारी पामेला रास्मुसेन या दक्षिण आशियातील पक्ष्यांवरील ग्रंथाच्या निमित्ताने जुनी कातडी तपासत असताना त्यांना माइनर्ट्‌झहागन यांच्या मुद्देमालाविषयी शंका आली. तिला पूर्वपीठिका होती. १९१९ मध्ये नमुने परवानगीवाचून बाहेर नेल्याबद्दल म्युझियमच्या पक्षिकक्षात त्यांना अठरा महिने मज्जाव करण्यात आला होता. रास्मुसेन व नायजेल कॉलर यांनी मांडवीच्या रानपिंगळ्याची क्ष-किरण चित्रे घेतली, शिवण पाहिली, आणि आत उरलेल्या जुन्या कापसाचे तंतू अमेरिकेच्या केंद्रीय गुन्हे-अन्वेषण खात्याच्या प्रयोगशाळेकडून तपासून घेतले. निष्कर्ष स्वच्छ निघाला: हे पाखरू डेव्हिडसन यांचेच होते, ते म्युझियममधून चोरून, उसवून, नव्याने भरून आणि खोटी चिठ्ठी बांधून परत त्याच म्युझियमला दान करण्यात आले होते. हा पंचनामा छापून प्रसिद्ध झाला तो पुढे १९९९ साली. दुर्मिळ पक्षी आपल्या नावावर असावा ही हाव पुष्कळांना असते, आणि तिच्यापायी कोणी कड्यावरून पडतो, कोणी कर्ज काढतो. पण पुढच्या पिढ्यांना भलत्याच रानात धाडण्याचे कर्तृत्व या एका कर्नलाचे. त्यांच्या धाडसाच्या कथा ज्यांना रम्य वाटतात त्यांना वाटोत. मी त्यांना चोर म्हणेन.

मांडवी खोटी ठरल्यावर उरल्या त्या ब्लूइट, बॉल आणि डेव्हिडसन यांच्या खऱ्या चिठ्ठ्या. रास्मुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट हे तिघे नोव्हेंबर १९९७ मध्ये प्रथम पूर्वेकडील दोन्ही जागा धुंडाळून आले; तेथे काहीच हाती लागले नाही. मग ते शहाद्याच्या बाजूला आले. २५ नोव्हेंबरच्या सकाळी, सातपुड्याच्या पायथ्याशी, एका उघड्या झाडावर बसलेले घुबड प्रथम किंग यांना दिसले. रास्मुसेन यांनी माथ्यावर ठिपके शोधले, ठिपके नव्हते. पाखरू उडून जाईल आणि ११३ वर्षांनंतरचा हा दाखला तोंडीच राहील, या धास्तीत कॅमेरा काढण्याची जी लगबग झाली असेल, तिची कल्पना या छंदातल्या कोणालाही करता येईल. पाखरू उडाले नाही. ते उन्हात बसून राहिले आणि त्याचे रीतसर चित्रण झाले.

त्यानंतर तोरणमाळ, यावल, मेळघाट आणि मध्य प्रदेशातील खकनार येथून नोंदी येऊ लागल्या. २०१४ साली तर ठाणे जिल्ह्यातील तानसा अभयारण्यात रानपिंगळा आढळला. ज्या तलावाचे पाणी १८९२ पासून मुंबईकर पीत आला, त्याच्या काठच्या सागात हा पक्षी राहतो, याची तोवर कोणाला दादही नव्हती. २०१८ मध्ये जागतिक यादीत त्याची वर्गवारी ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’ अशी खाली आली, ती मुख्यतः शोध वाढल्यामुळे. साग तुटतो आहे, वणवे लागत आहेत, आणि जादूटोण्यासाठी घुबडे मारण्याचा प्रकारही थांबलेला नाही.

आता हिवाळ्यात तळोदे–तोरणमाळकडे कॅमेरेवाल्यांच्या जीपगाड्या जातात. ‘काल इथंच होता, साहेब,’ हे वाटाड्याचे वाक्य ऐकून परतणारे पुष्कळ, आणि रिकाम्या हाती परतणे नको म्हणून ध्वनिमुद्रित साद वाजवून पाखराला फांदीवर ओढून आणणारेही पुष्कळ. आपल्या हद्दीत परका नर शिरला असे समजून ते बिचारे घरटे आणि शिकार सोडून धावत येते. हे करू नये. आणि जे वाचक तिकडे जातील त्यांना एवढीच विनंती आहे की, पक्षी न दिसला तरी त्या दिवसाची तारीख, गावाचे नाव व ‘दिसला नाही’ हे शब्द वहीत जरूर लिहून ठेवावेत.