आठ हातांची बोली

लंडनच्या वायव्य भागात, वेस्ट हॅम्पस्टेडमध्ये अ‍ॅकॉल रोड नावाचा एक रस्ता आहे. अ‍ॅकॉल हे मुळात केंटमधलं एक खेडं. त्या बाजूला वतन असलेल्या पॉवेल-कॉटन घराण्याची जमीन लंडनच्या या भागातही होती, म्हणून गावाकडची नावं इथल्या रस्त्यांना पडली. १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत या रस्त्यावर एक छोटा ब्रिज क्लब होता. जॅक मार्क्स, मॉरिस हॅरिसन-ग्रे आणि 'स्किड' या नावाने ओळखला जाणारा एस. जे. सायमन ही मंडळी तिथे खेळत, आणि डाव संपला की त्याच पानांवर वाद घालत. त्या वादांतून बोलीची जी पद्धत तयार झाली, तिला क्लबचंच नाव मिळालं. पुढे ब्रिटनमधल्या घराघरात अ‍ॅकॉल खेळलं जाऊ लागलं. या पद्धतीचे बरेच भाग इतरांनी उचलले, काही बदलले. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो त्यांच्या 'दोनच्या बोली'चा. आजच्या स्पर्धांत ती क्वचितच ऐकू येते, म्हणून तिची वाटचाल सांगावीशी वाटते.

अडचण मूळ खेळातच आहे. ५२ पानांच्या कॅटमधून एका खेळाडूला तेरा पानं येण्याचे ६३,५०१ कोटी ३५ लाख ५९ हजार ६०० प्रकार होतात. ती पानं भिडूला सांगायला शब्द मात्र ३८: एक किलवरपासून सात नो ट्रम्पपर्यंतच्या ३५ बोली आणि पास, डबल, रिडबल. एवढ्या शब्दांत सगळं बसवायचं. त्यातही सर्वांत अवघड सांगणं असतं ते एकाच रंगाची लांबलचक, भारी पानं आलेल्याचं. एक्क्याला ४, राजाला ३, राणीला २, गुलामाला १ हे गुण मोजणं सोपं आहे. पण सहाव्या पानावरची चव्वी हात करून देते, तेव्हा तिला त्या हिशेबात काहीच गुण नसतो.

अमेरिकेत ईली कल्बर्टसनचं उत्तर सरळ होतं. रंग कोणताही असो, दोनची बोली म्हणजे प्रचंड पानं. गेम होईपर्यंत कुणी पास म्हणायचं नाही. १९३० साली तो लंडनला येऊन वॉल्टर बुलरच्या संघाला हरवून गेला आणि ब्रिटिश खेळाडू बोलीचा विचार नव्याने करू लागले. कल्बर्टसनच्या पद्धतीत मधली एक पायरी निसटत होती. एकची बोली फार नरम पडेल आणि गेमची सक्ती फार होईल, अशी पानं खेळाडूने कशी सांगायची?

अ‍ॅकॉलवाल्यांनी दोनच्या बोलींची वाटणी केली. दोन किलवर ही बोली किलवरसाठी राहिलीच नाही. सर्वांत बलाढ्य पानांसाठी ती राखून ठेवली. दोन चौकट, दोन बदाम आणि दोन इस्पिक या तीन बोलींचा अर्थ ठरला: हा रंग माझ्याकडे लांब आणि दमदार आहे, भिडूची मदत नसली तरी मी साधारण आठ हात करीन, आणि एक फेरी तरी तू पास म्हणू नकोस.

हे पानांवरच पाहू. तुमच्याकडे इस्पिकचे एक्का, राजा, राणी, नव्वी, सत्ती, चव्वी. बदामाचे एक्का, राजा, छक्की. चौकटची सत्ती, तिर्री. किलवरची नव्वी, दुर्री. गुण फक्त १६. पण इस्पिक विचित्र वाटले गेले नाहीत तर त्याचे सहा हात आणि बदामाचे दोन, असे आठ हात तुमच्याच हातात आहेत. समोर भिडूकडे इस्पिकची अठ्ठी, पंजी, दुर्री. बदामाची एकटी सत्ती. चौकटची अठ्ठी, छक्की, पंजी, चव्वी. आणि किलवरचा एक्का, अठ्ठी, छक्की, चव्वी, तिर्री. त्याचे गुण चार. तुम्ही एक इस्पिक म्हणालात तर चार गुणांवर तो पास म्हणेल, आणि प्रतिस्पर्धी गप्प राहिले तर डाव एकवरच संपेल. तेही त्याला दोष न देता. नियमाने तो बरोबरच वागला. आता हात मोजा. तुमचे आठ, किलवरच्या एक्क्याचा नववा, आणि बदामाची छक्की डमीतल्या हुकमाने कापली की दहावा. चार इस्पिकचा गेम दोघांच्या मिळून वीस गुणांत उभा राहतो.

तीच पानं घेऊन तुम्ही दोन इस्पिक म्हणालात की भिडूला बोलणं भाग असतं. पानं अगदीच पडकी असतील तर त्याने दोन नो ट्रम्प म्हणायचं. त्याचा अर्थ 'माझ्याकडे काही नाही' एवढाच. इथे मात्र त्याच्याकडे तीन हुकूम आणि एक एक्का आहे, म्हणून तो तीन इस्पिक म्हणेल. नवशिक्याला यातली गंमत चटकन कळत नाही. भिडूने थेट चारवर उडी मारली तर ती कमी ताकदीची खूण होती: हुकमाला साथ आहे, एक्का नाही. हळू चढून तीन म्हणणारा भिडू अधिक काही सांगत असतो, कारण जास्त ताकद असलेल्यांनाच स्लॅमची चौकशी करायला जागा हवी असते. बोलीच्या जागेची ही कदर मला अ‍ॅकॉलचा गाभा वाटते.

पद्धत पटावर उतरायला वेळ लागला नाही. १९३७ साली हॅरिसन-ग्रेच्या संघाने ब्रिटनचा गोल्ड कप जिंकला. संघात सायमन आणि मार्क्स होते, तसाच तेव्हा ब्रिजवरच कमाई करणारा तरुण इयन मॅक्लाऊडही होता, जो पुढे १९७० साली जेमतेम महिनाभर ब्रिटनचा अर्थमंत्री होऊन त्या पदावरच वारला. १९३८ मध्ये बेन कोहेन आणि टेरेन्स रीझ यांनी अ‍ॅकॉलवरचं पहिलं पुस्तक लिहिलं. युद्धानंतर १९४८, १९४९ आणि १९५० अशी लागोपाठ तीन वर्षं ब्रिटनने हॅरिसन-ग्रेच्या नेतृत्वाखाली युरोपीय अजिंक्यपद मिळवलं. कोपनहेगनच्या पहिल्या विजयानंतर काही आठवड्यांतच, जुलै १९४८ मध्ये, सायमन गेला. मार्क्सच्या वाट्याला श्रेयही अपुरं आलं. जगभर 'स्टेमन' म्हणून खेळला जाणारा संकेत त्याने १९३९ मध्येच योजला होता. पण तो १९४६ मध्ये छापला जाण्याआधी, १९४५ सालीच अमेरिकेत सॅम स्टेमनचा लेख प्रसिद्ध झाला होता.

दोनच्या बोलीची पीछेहाट मात्र हरल्यामुळे झाली नाही. आठ हातांची पानं येतात कधीतरी. सहा पानांचा बरा रंग आणि बाकी फारसं काही नाही, असली पानं वारंवार येतात. त्या पानांवर दोनची नरम बोली लावून प्रतिस्पर्ध्यांची वाट अडवणं जास्त वेळा फायद्याचं ठरलं, आणि दोन बदाम, दोन इस्पिक या बोली त्या कामी लागल्या. ग्लासगोच्या अल्बर्ट बेंजामिनने समेट घडवला: आठ हातांची पानं दोन किलवरमध्ये, गेमच्या सक्तीची दोन चौकटमध्ये, आणि वरच्या दोन बोली नरम. भिडू दोन चौकट म्हणून वाट मोकळी करतो, मग खरा रंग कळतो. दोन्ही साधतं, पण रंग एका फेरीने उशिरा कळतो आणि मधल्या जागेत प्रतिस्पर्धी घुसू शकतात. मला ही किंमत जास्त वाटते.

लांब रंग सांगण्याच्या दुसऱ्या वाटाही निघाल्या. किलवर किंवा चौकटची सलग भक्कम सात पानं आणि बाहेर जवळजवळ काही नाही, अशा वेळी तीन नो ट्रम्पने बोली उघडायची, ही एक. दुसरी स्टेमनच्या इंग्रजी नावाची अक्षरं उलटी लावून ओळखली जाते, नॅम्याट्स: चार किलवर म्हणजे बदामाचा बलवान लांब रंग, चार चौकट म्हणजे इस्पिकचा. मग सरळ चार बदाम किंवा चार इस्पिक ही बोली अडवणुकीसाठी मोकळी राहते. या दोन्ही वाटांमागे हिशेब तोच, हातांचा.

आपल्याकडे मेंढीकोट खेळत वाढलेली मुलं ब्रिजकडे येतात, तेव्हा हा हिशेब त्यांना ठाऊक असतो. किती हात होतील हेच ती लहानपणापासून मोजत असतात. आपण त्यांना पहिल्याच दिवशी ४-३-२-१ घोकायला लावतो. ब्रिज शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे: पहिल्या आठवड्यात अ‍ॅकॉलची जुनी दोनची बोलीच शिकवा. स्पर्धेला जाताना मुलं नरम दोन खुशाल खेळोत. पण वरच्या सोळा गुणांच्या पानांत आठ हात आहेत, हे त्यांना स्वतः मोजून काढू द्या.