सरकता उंबरठा

परभणीला शिक्षकांच्या एका शिबिरात हवामानबदलावर बोलत होतो. प्रश्नोत्तरांच्या वेळी एक सर उठले. "समुद्र तापला की वाफ जास्त, वाफ जास्त तर ढग जास्त, ढग जास्त तर पाऊस जास्त. मग आमचे सोयाबीन ऑगस्टमध्ये वाळते कसे?" सभागृह हसले, पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. साखळीची पहिली कडी पक्की आहे: हवेचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढले, की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावते. दुसरी कडी मात्र निसटते. ती कोठे निसटते हे समजण्याच्या इतिहासात पुण्याच्या एका संशोधिकेचा मोठा वाटा आहे.

सुलोचना गाडगीळ (१९४४–२०२५) फर्ग्युसन महाविद्यालयात शिकल्या आणि हार्वर्डहून डॉक्टरेट घेऊन १९७१ मध्ये भारतात परतल्या. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत काही काळ काम करून त्या बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. मोसमी वारे म्हणजे जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातील फरकामुळे वाहणारे महाकाय खारे वारे, असे आपल्यापैकी अनेक जण शाळेत शिकलो. (मग मे महिन्यात, परभणीची जमीन सर्वांत तापलेली असताना, पाऊस का नसतो? हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा.) गाडगीळ आणि डी. आर. सिक्का यांनी १९७३ ते १९७७ या काळातील उपग्रहचित्रे दिवसागणिक तपासली. १९८० च्या त्यांच्या निबंधात दिसले ते असे, की विषुववृत्ताजवळच्या समुद्रावर ढगांचा पूर्व-पश्चिम पट्टा तयार होतो आणि दोन ते सहा आठवड्यांच्या अंतराने तो उत्तरेकडे, जमिनीवर सरकतो.

समुद्र किती तापला म्हणजे असे उंच, गडगडाटी ढगांचे समूह उभे राहतात? १९८४ मध्ये गाडगीळ, पी. व्ही. जोसेफ आणि एन. व्ही. जोशी यांनी 'नेचर'मध्ये उत्तर दिले: सुमारे २८ अंश. त्याखाली असे समूह क्वचित. त्यावर ते तयार होण्याची शक्यता एकदम वाढते. निष्कर्षाचा दुसरा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. एकदा २८ च्या वर गेले, की तापमान आणि ढगाळपणा यांचा संबंध सुटतो. ढग दाटतील, किंवा आकाश मोकळेही राहील. दार उघडले एवढेच. पाहुणा येईलच असे नाही. पावसाळ्यात बंगालचा उपसागर बहुतेक काळ या उंबरठ्याच्या वरच असतो. मराठवाड्याला पाऊस देणारी कमी दाबाची अनेक क्षेत्रे तेथूनच येतात, आणि तरीही खंड पडतो.

पण पृथ्वी तापत गेली तर? २८ हा आकडा कायमचा असेल तर ढगांखालचा समुद्र वाढतच जाईल. १९९१ मध्ये व्ही. रामनाथन आणि विल्यम कॉलिन्स यांनी मांडले, की अतितप्त समुद्रावर पसरणारे उंच ढग सूर्यप्रकाश अडवून समुद्राच्या तापमानाला आपोआप लगाम घालतात. कल्पना मोहक होती, आणि तिच्यावर वादही तेवढाच झाला. संगणकावरची हवामान प्रारूपे, ज्यांना बोलताना आपण मॉडेल म्हणतो, या प्रश्नावर निर्णय देण्याच्या स्थितीत नव्हती. रॉबर्ट सेस आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये १९ प्रारूपांची तुलना केली. निरभ्र आकाशापुरते त्यांचे बरेच जमत होते. ढग हिशेबात येताच उत्तरांत तिपटीचा फरक पडत होता.

२०१० मध्ये नॅथॅनिएल जॉन्सन आणि शांग-पिंग शी यांनी दाखवले, की उंबरठाच सरकत आहे. तीस वर्षांच्या निरीक्षणांत तो दर दशकाला सुमारे ०.१ अंशाने, म्हणजे उष्ण कटिबंधातील समुद्राच्या सरासरी तापमानाच्या जोडीने, वर चढला होता. प्रारूपेही हेच दाखवत होती. कारण समजण्याजोगे आहे. उबदार, बाष्पयुक्त हवा वर चढायची तर ती भोवतालच्या हवेपेक्षा हलकी राहिली पाहिजे. उष्ण कटिबंधात उंचावरच्या हवेतले तापमानाचे फरक टिकत नाहीत, लवकर पसरून जातात. त्यामुळे ती हवा सर्वत्र जवळपास सारखी उबदार असते. किती उबदार, हे सर्वांत तप्त समुद्रांवरचे ढग ठरवतात. सगळेच समुद्र तापले की ही वरची हवाही तापते, पृष्ठभागापेक्षा अधिकच. काल हलकी ठरली असती अशी हवा आज ठरत नाही. म्हणून समुद्र नुसता गरम असून भागत नाही. इतर समुद्रांच्या मानाने गरम असावा लागतो. वर्गात २८ चा आकडा सांगताना १९८४ हे सालही सांगावे ते यासाठी.

म्हणजे उंच ढगांचे क्षेत्र बेसुमार वाढणार नाही. मात्र त्यांचे माथे आणखी उंच जातात आणि तेथील तापमान जवळजवळ तेच राहते, असे हार्टमन आणि लार्सन यांनी २००२ मध्ये मांडले. खाली पृथ्वी तापली तरी अशा ढगातून अवकाशात जाणारी उष्णता त्या मानाने वाढत नाही; लगामाऐवजी पांघरूण. प्रारूपांतील मोठे मतभेद आता समुद्रावरच्या बुटक्या, सावली देणाऱ्या ढगांबद्दल आहेत. कर्बवायू दुप्पट झाल्यास तापमानवाढ १.५ ते ४.५ अंश, असा अंदाज चार्नी समितीने १९७९ मध्ये दिला होता. २०२१ च्या आयपीसीसी अहवालात तो २.५ ते ४ वर आला. एवढे अंतर कापायला बेचाळीस वर्षे लागली, आणि उरलेल्या दीड अंशातही सर्वांत मोठा वाटा ढगांचाच आहे.