‘गुप्त’ भाषणाचे श्रोते आणि उत्तरकादंबरीचे वाचक

टॉम रॉब स्मिथ या ब्रिटिश कादंबरीकाराच्या ‘चाइल्ड ४४’ (२००८) या स्टालिनकालीन रहस्यकादंबरीची उत्तरकथा ‘द सीक्रेट स्पीच’ २००९ साली प्रसिद्ध झाली. तिच्याविषयी वाचकांत दोन प्रकारची मते आढळतात. मॉस्को, कोलिमा व बुडापेस्ट ही तीन स्थळे एकाच सूडकथेत कोंबल्याने विश्वसनीयता लोपते, असे एका पक्षाचे म्हणणे. तर १९५६ सालचा सोव्हिएत समाज या कादंबरीने प्रत्यक्ष उभा केला, असे दुसऱ्याचे. पहिला आक्षेप कलाविषयक आहे. दुसरी प्रशस्ती मात्र इतिहासविषयक असल्यामुळे तिची परीक्षा इतिहासाच्या आधारेच झाली पाहिजे.

२५ फेब्रुवारी १९५६ रोजी, पक्षाच्या विसाव्या अधिवेशनाच्या बंद बैठकीत, क्रुश्चेव्ह यांनी व्यक्तिपूजा व तिचे परिणाम या विषयावर भाषण केले. मार्चपासून ते देशभर पक्षशाखांच्या सभांतून वाचून दाखविण्यात आले. जूनमध्ये ते अमेरिकेत छापले गेले. सोव्हिएत संघात मात्र १९८९ पर्यंत त्याचे प्रकाशन झाले नाही. तेव्हा ‘गुप्त’ हे विशेषण मुद्रणाला लागू पडते, श्रवणाला नव्हे. लक्षावधींनी जे ऐकले, ते पडताळून पाहण्यासाठी त्यांच्या हाती राहिले नाही.

कादंबरीत हे भाषण बाहेर पडताच जुने बळी जुन्या अधिकाऱ्यांवर सूड उगवू लागतात, आणि कोलिमाच्या छावणीतील बंडही त्यानंतरच घडते. वस्तुतः नोरिल्स्क व व्होर्कुटा येथील कैद्यांचे उठाव १९५३ मधील, तर केंगिरचा सुमारे चाळीस दिवसांचा उठाव १९५४ मधील आहे. छावण्यांतील प्रतिकार भाषणाची वाट पाहत थांबला नव्हता. ऑक्टोबर १९५६ च्या हंगेरीतील उठावाशी भाषणाचा संबंध जोडणे अधिक सयुक्तिक असले, तरी तेथेही ते अनेक कारणांपैकी एक होते.

याहून महत्त्वाचा मुद्दा अपराधाच्या वाटणीचा आहे. क्रुश्चेव्ह यांनी दोष मुख्यतः स्टालिन व बेरिया यांच्यावर ठेवला. सामूहिक शेतीच्या सक्तीतून ओढवलेल्या दुष्काळाविषयी मौन पाळले. कादंबरी हा दोष सामान्य अधिकाऱ्यापर्यंत खाली आणते, ही तिची जमेची बाजू होय. परंतु सूडकथेला प्रत्येक अपराधासाठी एक चेहरा लागतो. आणि अपराधाला चेहरा दिला, की व्यवस्था नजरेआड होते. भाषणाचा हेतूही काही अंशी हाच होता.

सारांश, उत्तरकथेचा वेग खटकणाऱ्या वाचकाने कादंबरीतील उणीव ओळखली. तिला इतिहास मानणाऱ्या वाचकाने मात्र नकळत क्रुश्चेव्ह यांचीच मांडणी स्वीकारली. वाचकमताचा अभ्यास करताना हा भेद दृष्टीआड होऊ नये.