आज्ञा कुणाची? डित्त चुहड्याची गोष्ट

आधी माझा गुन्हा कबूल करतो.

नगर जिल्ह्यातल्या आमच्या वस्तीत दोन घरं ख्रिस्ती होती. आमच्याच भावकीतली. गावच्या पाणवठ्यावरून आमच्यासारखीच हाकललेली. तरी चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत आम्ही पोरं त्यांच्या दारापुढं मुद्दाम थांबायचो. बाटगे म्हणून ओरडायचो. दुधाच्या भुकटीवर धर्म विकला म्हणायचो. त्या घरातली म्हातारी एवढंच म्हणायची, "लेकरा, मला जे सांगितलंय तसं मी वागते." आम्ही हसायचो. आम्हाला वाटायचं, आज्ञा पाळणं म्हणजे गुलामगिरी. बाईनं मालक बदलला, एवढंच.

पुढं वाचायला लागलो तेव्हा सियालकोटचा डित्त भेटला, आणि माझी बोलती बंद झाली.

सियालकोट आज पाकिस्तानात आहे. तिथली चुहडा जात. हा शब्द तिकडं आजही शिवीसारखा वापरतात. झाडलोट, शेणघाण, मेलेली ढोरं ओढणं, जाट जमीनदाराच्या शेतात राबणं ही त्यांची कामं. म्हणजे चित्र आपलंच, फक्त बोली पंजाबी. मिराली गावचा डित्त या जातीतला. वय तिशीच्या आसपास. काळा, ठेंगणा, एका पायानं लंगडा. लिहिता-वाचता येत नव्हतं. गावोगाव चामडी विकत घ्यायची आणि विकायची, हा धंदा.

ख्रिस्ती झालेल्या एका जाटाकडून त्याला येशूबद्दल कळलं. 1873 साली तो सॅम्युएल मार्टिन या अमेरिकन मिशनऱ्यापुढं उभा राहिला. म्हणाला, मला बाप्तिस्मा द्या. मार्टिन घुटमळला. ह्या माणसाला शिकवण अशी फारशी मिळालेली नाही, आणि वर म्हणतो मी लगेच गावी जाणार! त्या काळी बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाला गाव छळील म्हणून मिशनच्या आवारात ठेवून घ्यायची रीत होती. शेवटी मार्टिननं बाप्तिस्मा दिला. आणि डित्त घरी निघाला.

इथं जरा थांबा. मिशनच्या आवारात आसरा होता, भाकरी होती. भाकरीसाठी बाटणारा माणूस तिथंच राहिला असता. हा माघारी गेला. कुठं? जिथं लाथा बसणार होत्या तिथंच.

आणि बसल्या. आधी जमीनदाराच्या नाहीत, घरच्यांच्या. साहेब झालास का रे, म्हणून भावबंदांनी टोमणे मारले. आम्हाला न विचारता धर्म सोडलास, आता तुझं-आमचं खाणंपिणं बंद. एक पाय मोडका आहेच, दुसराही मोडो, असा शाप घरच्याच बाईनं दिला. बहिष्कृतांनी बहिष्कृतावर टाकलेला बहिष्कार! डित्त त्यांच्याशी भांडला नाही. पण जागचा हललाही नाही. त्याच साली ऑगस्टमध्ये बायको, मुलगी आणि दोन शेजारी घेऊन तो सुमारे 30 मैल चालत सियालकोटला आला. त्यांचा बाप्तिस्मा झाला. 1874 च्या फेब्रुवारीत आणखी चार जण आणले. चामड्याचा धंदा त्यानं सोडला नाही. त्या निमित्तानं गावोगाव हिंडत राहिला, बोलत राहिला. मिशनचा डोळा वरच्या जातींवर होता. इतिहास वळवला तो या लंगड्या माणसानं. 1915 पर्यंत सियालकोट जिल्ह्यातले जवळजवळ सगळे चुहडे ख्रिस्ती झाले होते.

आता सांगा, ही आज्ञा पाळणं गुलामाचं होतं का? ज्यानं जन्मभर दहा जणांचे हुकूम ऐकले, त्यानं एकाचं ऐकायचं ठरवलं आणि बाकीच्या दहांना नाही म्हणायची ताकद मिळवली. बिरादरीला नाही म्हणाला. ज्या मिशनऱ्यानं बाप्तिस्मा दिला, त्याच्या सावधपणालाही नाही म्हणाला. ख्रिस्ती पोथीतला पेत्र मासे धरणारा माणूस. बोलू नकोस हा धर्मसभेचा हुकूम त्यानं मोडला, तो वरचा हुकूम मानला म्हणूनच. आपण देव मानत नाही. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात धम्मदीक्षा झाली, बाबासाहेबांनी 22 प्रतिज्ञा दिल्या. त्या कुठल्या देवाच्या आज्ञा नव्हत्या. हा फरक मोठा आहे, तो मी पुसत नाही. पण त्या प्रतिज्ञा पाळायच्या म्हणून आपल्या बापजाद्यांनी गावकीची कामं सोडली, आणि गावानं त्यांच्यावर बहिष्कार टाकला. तेव्हा त्यांच्या पाठीशी काय होतं? दिलेला शब्द. म्हातारी दुसरं काय सांगत होती?

म्हणून आरती ओवाळू नका. धर्म बदलला तरी झाडू सुटला नाही. पाकिस्तानात आजही गटारात उतरणाऱ्यांत ख्रिस्तीच जास्त, आणि सफाईच्या नोकरीला फक्त बिगरमुस्लिमांनी अर्ज करावा अशा जाहिराती तिथं निघालेल्या आहेत. इकडच्या चर्चमध्येही जात बसलेली आहे. अन्यायाविरुद्ध ख्रिस्ती समाज लढायला उठत नाही, असं बाबासाहेबांनी स्पष्ट लिहून ठेवलंय. ते खरंच आहे. डित्त घराच्या दारात उभा राहिला, पण त्याच्या मागून आलेल्या पुढाऱ्यांना जातीच्या दारात उभं राहणं जमलं नाही.

पण सरकारनं काय केलं तेही बघा. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीची सवलत हिंदूंपुरती ठेवली. 1956 साली शीख दलितांना घेतलं. बौद्धांना 1990 पर्यंत ताटकळत ठेवलं. ख्रिस्ती दलित बाहेरच राहिला. म्हणजे विश्वास ठेवल्याची शिक्षा त्याला बिरादरीनं दिली, गावानं दिली आणि कायद्यानंही दिली. 34 वर्षं हीच शिक्षा आपण भोगली. आपल्याला ती कळायला नको?

म्हातारी आता नाही. तिची माफी मागायची राहून गेली. तिचे नातू त्याच घरात राहतात. येत्या चौदा एप्रिलला मिरवणूक त्यांच्या दारापुढून जाईल तेव्हा मी आत जाऊन त्यांना बोलावणार आहे. यायचं की नाही, ते त्यांनी ठरवावं. तुमच्याही वस्तीत असं घर असेल. तिथं जाऊन या.

जयभीम!