ऋतुराज गायकवाड
ऋतुराज दशरथ गायकवाड (जन्म: ३१ जानेवारी १९९७, पुणे) हे भारतीय क्रिकेटपटू आहेत. ते उजव्या हाताने फलंदाजी करतात. देशांतर्गत क्रिकेटमध्ये ते महाराष्ट्राकडून आणि भारतीय प्रीमियर लीगमध्ये (आयपीएल) चेन्नई सुपर किंग्जकडून खेळतात. २०२१ च्या आयपीएलमधील सर्वाधिक धावा आणि एका षटकात सात षटकार या दोन पराक्रमांसाठी ते विशेष ओळखले जातात. भारतीय संघातील त्यांची जागा मात्र बराच काळ राखीव खेळाडूचीच राहिली आहे.

बालपण आणि शिक्षण

गायकवाड कुटुंब मूळचे पुरंदर तालुक्यातील पारगाव मेमाणे येथील. ऋतुराज यांचे बालपण पिंपरी-चिंचवडमधील जुनी सांगवी येथे गेले. वडील संरक्षण संशोधन आणि विकास संस्थेत (डीआरडीओ) नोकरीस, तर आई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या. २००३ मध्ये पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्यात एकदिवसीय सामना झाला. तेथे ब्रेंडन मॅकलमचा फटका पाहून आपल्याला खेळाची गोडी लागली, असे ऋतुराज यांनी मुलाखतीत सांगितले आहे.

वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास ते थेरगाव येथील दिलीप वेंगसरकर यांच्या अकादमीत दाखल झाले. भारताचे माजी कर्णधार वेंगसरकर यांनी ही अकादमी पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या सहकार्याने उभी केली. कारखान्यांचे शहर म्हणूनच ओळखल्या जाणाऱ्या या परिसरातून राष्ट्रीय संघापर्यंत पोहोचणारा फलंदाज घडला, यात त्या मैदानाचा वाटा मोठा आहे.

देशांतर्गत कारकीर्द

ऑक्टोबर २०१६ मध्ये झारखंडविरुद्धच्या रणजी सामन्यात त्यांनी प्रथम श्रेणी पदार्पण केले. वेगवान गोलंदाज वरुण अॅरनचा चेंडू बोटावर बसून हाड मोडले आणि पहिल्याच सामन्यानंतर त्यांना विश्रांती घ्यावी लागली. दुखापत नेमकी संधीच्या वेळी आडवी येणे हा प्रकार पुढेही घडला. त्याच हंगामाच्या उत्तरार्धात विजय हजारे करंडकात त्यांनी सात सामन्यांत ४४४ धावा केल्या. जून २०१९ मध्ये बेळगाव येथे भारत ‘अ’ संघाकडून श्रीलंका ‘अ’ संघाविरुद्ध त्यांनी नाबाद १८७ धावांची खेळी केली.

विजय हजारे करंडक ही स्पर्धा त्यांना विशेष मानवली. २०२१-२२ च्या हंगामात अवघ्या पाच सामन्यांत त्यांनी चार शतकांसह ६०३ धावा केल्या. पुढच्या हंगामात, २८ नोव्हेंबर २०२२ रोजी, अहमदाबाद येथे उत्तर प्रदेशविरुद्ध उपांत्यपूर्व सामना झाला. डावाच्या ४९ व्या षटकात डावखुरा फिरकी गोलंदाज शिवा सिंग याला त्यांनी सात षटकार मारले. षटकातील एक चेंडू नो-बॉल ठरला आणि त्यावरही षटकार गेला, त्यामुळे षटकात एकूण ४३ धावा निघाल्या. इतक्या धावांचे षटक न्यूझीलंडमध्ये २०१८ साली पडले होते, पण सात षटकार तोपर्यंत कोणी मारले नव्हते. गायकवाड १५९ चेंडूंत २२० धावांवर नाबाद राहिले. या षटकाच्या चर्चेत पुढच्या दोन खेळी मात्र मागे पडतात. उपांत्य सामन्यात आसामविरुद्ध १६८ आणि अंतिम सामन्यात सौराष्ट्राविरुद्ध १०८. करंडक अखेर सौराष्ट्राने नेला.

चेन्नई सुपर किंग्ज

२०१९ च्या लिलावात चेन्नईने त्यांना वीस लाख रुपयांत घेतले. त्या वर्षी एकही सामना वाट्याला आला नाही. २०२० मध्ये सुरेश रैना माघारी गेल्याने जागा मोकळी झाली, तोच संयुक्त अरब अमिरातीत गायकवाड यांना कोविडची लागण झाल्याचे आढळले. बराच काळ विलगीकरणात काढून ते मैदानात आले आणि पदार्पणात पहिल्याच चेंडूवर यष्टिचीत झाले. हंगामाच्या शेवटी मात्र त्यांनी लागोपाठ तीन अर्धशतके काढली.

२०२१ मध्ये १६ सामन्यांत ६३५ धावा करून त्यांनी ‘ऑरेंज कॅप’ मिळवली. संघातील सहकारी फाफ डू प्लेसी दोन धावांनी मागे राहिला. अंतिम सामन्यातील डावाच्या शेवटच्या चेंडूवर तो बाद झाला तेव्हा हा प्रश्न सुटला. चेन्नईने ते विजेतेपद पटकावले. १ मे २०२२ रोजी गहुंजे येथील मैदानावर, म्हणजे जवळजवळ घरच्या अंगणात, हैदराबादविरुद्ध ते ९९ धावांवर बाद झाले. डेव्हन कॉन्वेबरोबरची त्यांची १८२ धावांची सलामी भागीदारी तेव्हा चेन्नईसाठी विक्रमी होती. २०२३ च्या विजेतेपदातही त्यांच्या ५९० धावा होत्या.

मार्च २०२४ मध्ये महेंद्रसिंग धोनी यांच्याकडून त्यांनी कर्णधारपद स्वीकारले. त्या हंगामात त्यांनी ५८३ धावा केल्या, पण संघ बाद फेरीच्या उंबरठ्यावरून परतला. २०२५ मध्ये तुषार देशपांडे याचा चेंडू लागून कोपराला सूक्ष्म अस्थिभंग झाला. त्यांनी हंगाम सोडला आणि धोनी पुन्हा कर्णधार झाले.

आंतरराष्ट्रीय कारकीर्द

जुलै २०२१ मध्ये श्रीलंकेविरुद्ध कोलंबो येथे ट्वेंटी-२० आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध लखनौ येथे एकदिवसीय पदार्पण झाले. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई क्रीडा स्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने सुवर्णपदक मिळवले. अफगाणिस्तानविरुद्धचा अंतिम सामना पावसामुळे पूर्ण झाला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गुवाहाटी येथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनी ५७ चेंडूंत नाबाद १२३ धावा केल्या. जुलै २०२४ मध्ये झिम्बाब्वेत नाबाद ७७ आणि ४९ अशा खेळी करूनही लगेचच्या श्रीलंका दौऱ्यातून ते वगळले गेले. त्यावेळी २३ ट्वेंटी-२० सामन्यांत त्यांच्या ६३३ धावा होत्या, सरासरी चाळिशीच्या जवळ.

कसोटीची संधी त्यांच्या अगदी जवळून गेली. २०२३ च्या जागतिक कसोटी अजिंक्यपद अंतिम सामन्यासाठी ते राखीव खेळाडू होते. परंतु क्रिकेटपटू उत्कर्षा पवार यांच्याशी ठरलेला विवाह त्याच सुमारास असल्याने त्यांनी माघार घेतली आणि यशस्वी जयस्वालला बोलावण्यात आले. पुढे वेस्ट इंडीज दौऱ्यावर दोघेही निवडले गेले. जयस्वालने पदार्पणात १७१ धावा केल्या. गायकवाड संघाबाहेर बसून राहिले. त्याच वर्षअखेर दक्षिण आफ्रिकेतील कसोटी मालिका बोटाच्या दुखापतीने हुकली. २०२५ अखेरपर्यंत त्यांनी एकही कसोटी सामना खेळलेला नाही.

३ डिसेंबर २०२५ रोजी रायपूर येथे, नेहमीची सलामीची जागा सोडून चौथ्या क्रमांकावर येत, त्यांनी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ८३ चेंडूंत १०५ धावा केल्या. हे त्यांचे पहिले एकदिवसीय शतक. विराट कोहलीसमवेत त्यांनी १९५ धावा जोडल्या, तरी दक्षिण आफ्रिकेने ३५९ धावांचे लक्ष्य गाठले. महिन्याभराने न्यूझीलंडविरुद्धच्या मालिकेसाठी संघ जाहीर झाला, तेव्हा दुखापतीतून परतलेल्या श्रेयस अय्यरचे नाव त्यात होते आणि गायकवाड यांचे नव्हते.