अंगणांतील ब्राह्मी : नांव एक, वनस्पती दोन



डोकें शांत राहावें म्हणून ज्या ब्राह्मीचें तेल आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या लावलें जातें ती ब्राह्मी कोणती, असें कोणी विचारल्यास आपण कुंडीकडे बोट दाखवूं. महाराष्ट्रांतील कुंडींत बहुधा असते ती लांब देठाची, वाटोळ्या व कातरलेल्या कडेच्या पानांची, जमिनीसरपट धांवणारी वेल. बंगाली गृहिणीस तीच दाखविली तर ती तिला थानकुनी म्हणेल, आणि ब्राह्मी म्हणून बारीक, मांसल पानांचें, फिकट जांभळ्या फुलांचें, पाणथळींतलें दुसरेंच रोपटें पुढें ठेवील. आपण त्यास नीरब्राह्मी म्हणतों. दोघींचें कुळही एक नाहीं. आपली वेल कोथिंबिरीच्या कुळांतली, तिचें शास्त्रोक्त नांव मंडूकपर्णी.

प्राचीन ग्रंथकारांस हा भेद ठाऊक होता. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानांत २८ व्या अध्यायीं मंडूकपर्णीचा स्वरस वेगळा सांगितला आहे व ब्राह्मीचा वेगळा. चरकसंहितेंत मंडूकपर्णी मेध्य रसायनांत येते, तर ब्राह्मीचा रस अपस्मारावरील जुन्या तुपांत पडतो. पुढें सोळाव्या शतकांत भावमिश्रानें दोहोंचीं नांवें लागोपाठ देऊन गुण मात्र एकत्रच वर्णिले. व्यवहारांतील सरमिसळीस अशा वर्णनाचा मोठाच हातभार लागला असावा, असें मला वाटतें.

या इतिहासांतील एक पान कोंकणी वैद्यांचें आहे. कोचीन येथील डच अधिकारी हेंड्रिक व्हान र्‍हीड यानें मलबारच्या वनस्पतींवर ‘होर्टुस मलाबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करविला; तो १६७८ ते १६९३ या काळांत आम्स्टरडॅम येथें छापला गेला. इट्टी अच्युतन् या मलबारी वैद्याच्या जोडीस रंगभट, विनायक पंडित व आप्पुभट हे तिघे होते. १६७५ सालचें त्यांचें कोंकणी भाषेंतील प्रशस्तिपत्र नागरी अक्षरांत पहिल्या खंडांत पाहावयास मिळतें. दहाव्या खंडांत ‘कोडगम्’ म्हणून मंडूकपर्णी आणि ‘बेआमि’ म्हणून नीरब्राह्मी अशीं दोन स्वतंत्र चित्रें आहेत. ‘बेआमि’ हें ब्राह्मी शब्दाचेंच रूप दिसतें. इंग्रजी अमदानींत मात्र मंडूकपर्णीची शामक म्हणून फारशी विचारपूस झाली नाहीं. १८६८ च्या सरकारी औषधिकोशांत ती आली ती त्वचारोगांवरील औषध म्हणून.

शांततेचा गुण कोणीचा, याचा निवाडा सोपा नाहीं. कॅनडांत २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ४० निरोगी माणसांपैकीं कांहींना मंडूकपर्णीचें १२ ग्रॅम चूर्ण एकदां दिलें असतां, अकस्मात् आवाजानें दचकण्याचें प्रमाण तासाभरांत उणें झालें. ऑस्ट्रेलियांत २००१ साली ४६ निरोगी जणांवर परीक्षा झाली; त्यांतील ज्यांना नीरब्राह्मीचा ३०० मिलिग्रॅम अर्क रोज मिळाला त्यांची चिंता १२ आठवड्यांनीं कमी झालेली दिसली. म्हणजे दोघींसही थोडाथोडा आधार आहे. परंतु एकीचा पुरावा दुसरीच्या बाटलीवर चिकटवावा हें योग्य नव्हे. मंडूकपर्णीच्या सेवनानें यकृतास इजा झाल्याच्या नोंदी आहेत. नीरब्राह्मीनें कित्येकांस मळमळतें व पोट बिघडतें. पोटांत घ्यावयाचें असेल तर वैद्यास नुसतें नांव न सांगतां पानच नेऊन दाखवावें. झोपेचें वा फेंपऱ्याचें औषध चालू असणाऱ्यांनीं व गर्भवतींनीं तर हें अवश्य करावें.

लागवड दोघींचीही सुलभ आहे. मंडूकपर्णीस अर्धी सावली व सदैव ओली माती हवी. तिच्या धांवत्या कांड्यांस पेरापेराशीं मुळें फुटतात, तेवढा एक तुकडा लावला कीं पुरे. नीरब्राह्मीची कांडी खोंचून कुंडी पाण्याच्या परातींत ठेवावी. मोरीच्या पाण्यावर मात्र यांस वाढवूं नये, कारण घाण पाण्यांतील जड धातु ही वनस्पती शोषून घेते. कानडी किनारपट्टींतील घरांतून मंडूकपर्णीस ‘ओंदेलग’, म्हणजे ‘एकपानी’, म्हणतात व तिची ताकांतली तंबळी उन्हाळ्यांत जेवणांत असते. ती मला तेलापेक्षां अधिक रुचते. तेल हवें असल्यास पानांचा रस खोबरेल तेलांत मिसळून पाण्याचा अंश आटेपर्यंत मंदाग्नीवर कढवावा, निवल्यावर गाळावा आणि बाटलीवर दोहोंपैकीं कोणतें पान घेतलें तें लिहून ठेवावें.