कवचाआडचे एकवीस दिवस

कोंबडीपालकाच्या हिशेबात पिल्लाचे वय शेडवर खोकी उतरतात त्या दिवसापासून सुरू होते. पावतीवर 'एक दिवसाची पिल्ले' असे लिहिलेले असते आणि तिथून खाद्य, लस, वजन, मरतूक यांची वही उघडते. त्या पिल्लामागे एकवीस दिवसांचे आयुष्य जमा असते, पण त्याची नोंद या वहीत नसते. आजची मांसल कोंबडी पाच-सहा आठवड्यांत विक्रीला जाते. उबवणीचे दिवस मोजणीत धरले तर आयुष्याचा सुमारे एक तृतीयांश काळ ती कवचाच्या आत घालवते. पहिल्या आठवड्यात पिल्ले मरू लागली की आपण ब्रुडर तपासतो, पाणी तपासतो, तूस बदलतो. या आधीच्या काळाकडे सहसा वळत नाही. तो काळ किती घडामोडींचा असतो, हे वाचकांनी एकदा जवळून पाहावे, एवढ्याच इच्छेने हे प्रास्ताविक लिहिले आहे.

विषयाची परंपरा जुनी आहे. अ‍ॅरिस्टॉटलने उबवणीच्या वेगवेगळ्या टप्प्यांवरची अंडी उघडून पाहिली आणि तीन दिवसांनंतर रक्ताच्या ठिपक्यासारखे दिसणारे, धडधडणारे हृदय नोंदवून ठेवले. सतराव्या शतकात माल्पिगीने तेच दृश्य सूक्ष्मदर्शकाखाली आणले. भ्रूण असा विद्वानांच्या मेजावर उलगडत होता, त्याच्या कितीतरी आधीपासून इजिप्तमधले कारागीर मातीविटांच्या भट्ट्यांत हजारो अंडी एकत्र उबवत होते. अंडे किती गरम झाले हे ते पापणीला लावून ओळखत. हा उद्योग युरोपात न्यावा म्हणून रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने प्रयोग केले आणि १७४९ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. हाच माणूस तापमापकाच्या इतिहासातही भेटतो, यात नवल वाटू नये. पुढे १९५१ मध्ये हॅम्बर्गर आणि हॅमिल्टन यांनी कोंबडीच्या भ्रूणाची वाढ ४६ टप्प्यांत बसवली; जगभरच्या प्रयोगशाळा आजही त्याच क्रमांकांनी बोलतात.

नवख्या वाचकाला पहिले आश्चर्य इथे भेटेल : अंडे घातले जाते तेव्हा वाढ आधीच सुरू झालेली असते. फलित अंडे कोंबडीच्या शरीरात जवळजवळ एक दिवस असते, तेवढ्यात बलकावर हजारो पेशींची चकती तयार होते. बाहेर येऊन अंडे गार झाले की ही वाढ थांबते. कोणत्या तापमानाला थांबते याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. जुना, सर्वांना ठाऊक असलेला आकडा २० ते २१ अंशांच्या आसपासचा आहे. म्हणून उबवणीची अंडी साधारण १५ ते १८ अंशांत ठेवतात, आणि शक्यतो आठवड्याच्या आत मशीनमध्ये लावतात. आता आपल्याकडचा एप्रिल डोळ्यांसमोर आणा. घरातल्या फळीवर दिवसा पस्तीस-छत्तीस अंश. तिथे ठेवलेल्या अंड्यातला भ्रूण ना धड झोपलेला, ना नीट जागा. तो थोडा वाढतो, पण ती वाढ पुरेशा उबेविना अर्धवट आणि विस्कळीत होते. उन्हाळ्यात साठवलेली गावठी अंडी चांगल्या खुडूक कोंबडीखाली ठेवूनही पुष्कळदा वाया जातात, त्याचे एक कारण हे आहे.

तापमान हा या विषयाचा गाभा आहे, म्हणून इथे थोडे रेंगाळावे. सेटरच्या, म्हणजे उबवणीच्या मशीनच्या, पडद्यावर ३७.५ किंवा ३७.८ हा आकडा स्थिर दिसतो आणि सगळे ठीक चालल्याचा दिलासा मिळतो. तो आकडा मात्र हवेचा असतो. भ्रूणाला जाणवते ते अंड्याचे तापमान, आणि ही दोन तापमाने एकवीस दिवसांत आपले नाते बदलतात. पहिल्या आठवड्यात अंडे हवेकडून ऊब घेते. मध्यावर, नवव्या-दहाव्या दिवसाच्या सुमारास, तराजू कलतो. भ्रूण स्वतः उष्णता निर्माण करू लागतो. शेवटच्या आठवड्यात ही उष्णता इतकी वाढते की अंडे भोवतालच्या हवेहून गरम होते आणि मशीनचे मुख्य काम ऊब देण्याऐवजी ऊब काढून नेण्याचे होऊन बसते. ट्रेमधून हवा नीट खेळली नाही, तर पडद्यावरचा आकडा जागचा न हलताही आतली पिल्ले तापत राहतात. म्हणून हल्ली जाणती माणसे कवचाचेच तापमान मोजतात. त्यासाठी माणसाच्या कानातला ताप पाहायचा इन्फ्रारेड थर्मामीटरही चालतो. तो अंड्याच्या रुंद मध्यभागाला लावायचा. तिथे ३७.८ ते ३८ अंश मिळाले तर निश्चिंत राहावे.

शेवटच्या आठवड्यात कवच ३८.९ अंशांच्या पुढे गेले तर काय होते, यावर नेदरलँड्समध्ये विशेष काम झाले आहे. अशी पिल्ले बहुधा लवकर फुटतात, त्यामुळे वरवर पाहणाऱ्याला आनंदच होतो. तपासून पाहिले की हृदय वजनाला हलके निघते, पोटात न शोषलेला बलक जास्त सापडतो, बेंबी नीट मिटलेली नसते. हलक्या हृदयाचा परिणाम शेडमध्ये काही आठवड्यांनी दिसतो : पोटात पाणी साचून दगावणाऱ्या पक्ष्यांचे प्रमाण वाढते. तेव्हा कोणाला सेटरची आठवण होणार? याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवा. इस्रायलमधल्या संशोधकांनी सातव्या ते सोळाव्या दिवसांदरम्यान रोज बारा तास तापमान ३९.५ अंशांवर नेले, सोबत आर्द्रताही वाढवली, आणि त्या पिल्लांनी पुढे मोठेपणी उन्हाचा ताण अधिक चांगला सोसला. उष्णता वाईट की चांगली, असा प्रश्न म्हणून उपयोगाचा नाही. ती कोणत्या दिवशी, किती वेळ मिळाली हे विचारावे लागते. आपल्यासारख्या उन्हाच्या प्रदेशात या वाटेवर आणखी काम व्हावे, असे मला मनापासून वाटते.

पाण्याची गोष्ट त्यामानाने शांत आहे, पण तितकीच देखणी. कवचाला सुमारे दहा हजार सूक्ष्म छिद्रे असतात. साठ ग्रॅमचे अंडे एकवीस दिवसांत त्यांतून सुमारे सहा लिटर प्राणवायू आत घेते, साडेचार लिटर कार्बन डायऑक्साइड आणि अकरा लिटर पाण्याची वाफ बाहेर टाकते. फुप्फुसे कामाला लागण्याआधी हा सगळा श्वास कवचाचाच असतो. वाफ गेली की अंड्याच्या बोथट टोकाची हवेची पोकळी मोठी होते, आणि एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी पिल्लू तिच्यात चोच घालून पहिला खरा श्वास घेते. अठराव्या दिवसापर्यंत वजनात अकरा ते तेरा टक्के घट व्हावी, हा अनुभवाने ठरलेला मध्यममार्ग आहे. घट कमी झाली तर पिल्लू पाणथळ, सुजलेले आणि श्वासाला अडलेले. जास्त झाली तर सुकलेले, लहान. कोकणातला जुलै आणि विदर्भातला मे या दोहोंत हवेतली वाफ अगदी वेगळी असते. तिथे आर्द्रतेचा एकच आकडा डोळे झाकून लावण्यापेक्षा, तीच ट्रे पहिल्या आणि अठराव्या दिवशी तराजूवर ठेवून पाहणे शहाणपणाचे.

अंडी फिरवण्याबद्दल थोडक्यात. खुडूक कोंबडी ती चोचीने सतत हलवत राहते. मशीनमध्ये ट्रे साधारण तासातासाला दोन्ही बाजूंना कलतात. न फिरवल्यास भ्रूण कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटतो, रक्तवाहिन्यांचे जाळे पुरते पसरत नाही आणि पांढरा बलक नीट वापरला जात नाही. पहिला आठवडा यात सर्वांत नाजूक, हे १९५७ च्या सुमारासच दाखवले गेले होते. अठराव्या दिवशी अंडी हॅचरमध्ये, म्हणजे पिल्ले बाहेर येण्याच्या मशीनमध्ये, गेली की फिरवणे थांबते.

आता पिल्लाकडे या. वाचकांनी हाताला एक सवय लावून घ्यावी : पिल्लू उलटे धरून बेंबी पाहण्याची. उरलेला बलक हा पिल्लाचा पहिल्या दोन-तीन दिवसांचा शिधा आणि आईकडून आलेल्या प्रतिपिंडांचा साठा असतो. बेंबी उघडी राहिली तर ई. कोलायसारख्या जिवाणूंना नेमक्या या उबदार, पौष्टिक साठ्यात वाट मिळते. पोट फुगते, दुर्गंधी येते आणि पिल्ले पहिल्या आठवड्यातच दगावतात. लाल झालेले गुडघे, पांढुरकी पिसे, कोरडे पडलेले पाय यांनाही आपापला अर्थ आहे. लवकर फुटलेले पिल्लू बाकीच्यांची वाट पाहत हॅचरमध्ये दिवसभर अन्नपाण्याविना बसते, तेव्हा पाय असे सुकतात. यासोबत न फुटलेली अंडी उघडून पाहावीत. मृत्यूचे दोन मोठे उंचवटे दिसतील, एक पहिल्या आठवड्याच्या पूर्वार्धात आणि दुसरा अगदी अखेरीस. पहिल्याकडे पाहताना साठवणीचा विचार आधी करा. दुसऱ्याबाबत उष्णता, आर्द्रता आणि पिल्लाची आतली ठेवण यांचा.

इथे एक सावधगिरी सुचवतो. एकाच खुणेला अनेक कारणे असू शकतात. अंड्यात मेलेल्या पिल्लाच्या लवीची टोके गाठाळलेली दिसली, तर दोष मशीनचा नसून ब्रीडर कोंबडीच्या खाद्यातल्या रायबोफ्लेविनच्या कमतरतेचा असू शकतो. म्हातारा कळप, मळकी अंडी, वाहतुकीतले हादरे, सगळे याच ट्रेमध्ये येऊन मिसळते. हॅचरीतल्या माणसाला जबाबदार धरण्याची घाई या विषयात फार होते, आणि बरेचदा तिला काही आधार नसतो.

पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्याने भ्रूणाच्या वाढीच्या प्रकरणांपासून सुरुवात केलेली बरी. हॅचरीत काम करणाऱ्यांनी थेट कवचाच्या तापमानाकडे जावे. त्यांच्याकडे प्रयोगशाळा रोजची आहे, फक्त वही नसते. कोंबडीपालकाने शेवटाकडून मागे वाचले तरी हरकत नाही : आधी पिल्लू, मग बेंबी, मग हॅचर. आणि तुम्ही केवळ कुतूहलाने आला असाल, तर सहाव्या-सातव्या दिवसाचे अंडे अंधाऱ्या खोलीत बॅटरीच्या प्रकाशासमोर धरून पाहा. लाल शिरांचे जाळे आणि त्यात हलणारा ठिपका दिसला की पुढची पाने आपोआप उलटली जातील.

मापनाबद्दल एक सूचना उरली. इथे तापमान सेल्सिअसमध्ये दिले आहे. हॅचरीत मात्र बोलणे फॅरनहाइटमध्ये चालते. वाचकांनी तीन जोड्या पाठ कराव्यात : ३७.५ म्हणजे ९९.५, ३७.८ म्हणजे १०० आणि ३८.९ म्हणजे १०२. फॅरनहाइटमध्ये यांतले पहिले दोन आकडे अर्ध्या अंशाच्या अंतरावर आहेत, आणि पुढची बरीचशी चर्चा याच अर्ध्या-एका अंशाच्या फरकांविषयी आहे.